ड्युसेनबर्ग मोटार आणि दुर्मिळतेचें मोल

वस्तु जितकी दुर्मिळ तितकें तिचें मोल अधिक, हा बाजाराचा नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती दुर्मिळ कां झाली, हा प्रश्न विकत घेणारा सहसा विचारीत नाहीं. तो इतिहासाच्या अभ्यासकास विचारावा लागतो. ऑगस्ट २०१८ मध्यें कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें ड्युसेनबर्ग कंपनीची १९३५ सालची एसएसजे ही मोटार लिलांवांत दोन कोटी वीस लक्ष डॉलरांस गेली. या जातीच्या मोटारी दोनच झाल्या. लिलांवांत निघालेली मोटार सिनेनट गॅरी कूपर यांजकडे होती, दुसरी क्लार्क गेबल यांजकडे. हें मोल कशाचें, याचा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

फ्रेड व ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे बंधु लहानपणीं जर्मनींतून अमेरिकेंत आले आणि आयोवा प्रांतांत सायकलींच्या नादानें यंत्रविद्या शिकले. १९२१ मध्यें त्यांच्या गाडीनें फ्रान्समधील मोठी शर्यत जिंकली. चारी चाकांना द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक हें तिचें वैशिष्ट्य होतें. १९२४, १९२५ व १९२७ या सालीं इंडियानापोलिसची पांचशें मैलांची शर्यतहि त्यांच्याच गाड्यांनीं जिंकली. परंतु कीर्ति आणि किफायत या बहिणी नेहमीं एका घरांत नांदत नाहींत. कारखाना डबघाईस आला, आणि १९२६ मध्यें ई. एल. कॉर्ड या धाडसी व्यापाऱ्यानें तो विकत घेतला. त्याच्या इच्छेनुसार फ्रेडनें ‘मॉडेल जे’ निर्माण केली. डिसेंबर १९२८ मध्यें न्यूयॉर्क येथें ती लोकांपुढें आली. तिच्या इंजिनांत आठ सिलिंडर, प्रत्येकास चार झडपा, आणि शक्ति २६५ घोड्यांची असें कंपनी सांगे. १९३२ मध्यें सुपरचार्जर जोडलेली एसजे निघाली, तिची शक्ति ३२० सांगितली गेली.

कंपनी विकी ती केवळ चॅसी, म्हणजे चाकें व इंजिन बसविलेला सांगाडा. त्याचीच किंमत आरंभीं साडेआठ हजार डॉलर होती. वरची बॉडी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावयाची. आपल्याकडे सोनें पेढीवरून आणून घडण सोनाराकडून करवून घेत, तसाच हा प्रकार. त्यामुळें प्रत्येक गाडींत धन्याची हौस आणि कारागिराचा हात अशीं दोन्हीं उमटलीं.

असाच एक हौशी धनी मराठी राजकुळांतला होता. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) यांनीं १९३६ च्या सुमारास एसजेचा लांब सांगाडा घेऊन लंडनच्या गर्नी नटिंग यांजकडून त्यावर बॉडी चढविली. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सुमारें पावणेतेरा फूट, आणि बसावयाची जागा दोघांपुरती! रंग केशरी व काळा. ज्यांनीं एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधविला आणि ब्रांकुसीचीं शिल्पें घेतलीं, त्या महाराजांची रसिकता या गाडींतहि दिसते. परंतु संस्थानिकाची हौस शेवटीं संस्थानच्या उत्पन्नांतूनच भागे, आणि तें उत्पन्न माळव्याच्या काळ्या मातींतून येई. इंडियानाचें यंत्र, लंडनची कारागिरी आणि माळव्याचा सारा यांचा संगम म्हणजे ही मोटार. या तिहींपैकीं तिसऱ्याचें नांव कोणत्याहि लिलांवाच्या यादींत येत नाहीं.

आतां दुर्मिळतेकडे वळूं. कॉर्डचा बेत पांचशें मोटारींचा होता. परंतु गाडी लोकांपुढें येऊन वर्षहि झालें नाहीं, तोंच ऑक्टोबर १९२९ मध्यें अमेरिकेचा शेअर-बाजार कोसळला. कंपनी १९३७ मध्यें बंद पडेपर्यंत पांचशेंचा आंकडा गांठला गेला नाहीं. फ्रेड तर त्यापूर्वींच, १९३२ मध्यें, आपल्याच कारखान्याच्या मोटारीच्या अपघातानें वारला होता. म्हणजे आज जिच्यासाठीं कोट्यवधि डॉलर मोजले जातात ती दुर्मिळता कोणीं योजिलेली नव्हती. ती एका व्यापाराच्या अपयशाची आणि एका देशाच्या विपत्तीची खूण होय.

यामुळें त्या कारागिरीचें तेज उणें होत नाहीं. सुंदर वस्तु जतन करणाऱ्या संग्राहकांचे आपण आभारच मानावे; त्यांच्या अभावीं पुष्कळशा गाड्या भंगारांत गेल्या असत्या. तथापि जतन केलेली वस्तु आणि समजून घेतलेली वस्तु यांत अंतर आहे. होळकरांची ड्युसेनबर्ग पुढें अमेरिकेंतील संग्राहकांच्या हातीं गेली. इंदुरांत त्यांचें नांव आज मुख्यतः एका मोठ्या सरकारी रुग्णालयामुळें रोज लोकांच्या तोंडीं येतें, आणि तेथें येणाऱ्या माळव्याच्या शेतकऱ्यास त्या केशरी मोटारीची वार्ताहि नसते. तिचा हिशेब मांडतांना त्याच्या आजाचें नांव जमेच्या बाजूस असावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.