हशमत जंगाची मुले

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर कोठी नावाचा गजबजलेला भाग आहे. ज्या वास्तूवरून त्याला हे नाव पडले, ती इंग्रज रेसिडेंटाची कोठी १८०३ च्या सुमारास बांधावयास घेतली गेली. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय भरू लागले. उंच खांबांच्या त्या कोठीमागे, जनानखान्याच्या बागेत, तिचीच एक लहानशी प्रतिकृती आहे. पडद्यात राहणाऱ्या बेगमेला मूळ इमारतीची दर्शनी बाजू पाहता येईना, म्हणून साहेबाने ती करविली, अशी दंतकथा आहे. दंतकथेचे काहीही असो, बेगम मात्र खरी होती.

तिचे नाव खैरुन्निसा. साहेब म्हणजे निजामाच्या दरबारातील कंपनीचा रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांकडून पराभव पत्करलेल्या निजामाला १७९८ साली कंपनीच्या पंखाखाली आणणारा हाच मुत्सद्दी. निजामाने त्याला ‘हशमत जंग’ हा किताब दिला होता. मुसलमानी पोशाखात वावरणाऱ्या या गृहस्थाने दरबारातील एका सय्यद घराण्याच्या मुलीशी विवाह केला, तेव्हा कलकत्त्यापर्यंत गवगवा होऊन चौकशा झाल्या. १८०१ च्या मार्चमध्ये त्यांना मुलगा झाला, पुढल्या एप्रिलात मुलगी. घरात त्यांना साहिब आलम आणि साहिब बेगम म्हणत.

या मुलांचा देश कोणता? त्या काळी हा प्रश्न भावनेचा नव्हता, कायद्याचा होता. कंपनीने १७९१ साली एतद्देशीय मातेच्या मुलांना आपल्या वरिष्ठ नोकऱ्यांची दारे बंद केली. १७९५ साली सैन्यातही त्यांना बासरी, पडघम वाजविण्यापलीकडे फारसे काही उरले नाही. ज्यांचे बाप पैसेवाले, त्यांना एक वाट मोकळी होती: लहानपणीच विलायतेस जावे, तेथील नाव घ्यावे आणि तेथलेच होऊन राहावे. कर्कपॅट्रिक स्वतः मद्रासेत जन्मलेला व विलायतेत शिकलेला. त्याने तीच वाट निवडली. त्याची माया खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. पण या निर्णयात आईच्या मनाला कितीशी जागा असेल, हे सहज ताडता येते.

निघण्यापूर्वी मद्रासेस जॉर्ज चिनरी या चित्रकाराने दोघांचे चित्र काढले. त्यात मुलांच्या अंगावर हैदराबादी भरजरी पोशाख आहे. सप्टेंबर १८०५ मध्ये जहाज सुटले. त्या वेळी मुलगा साडेचार वर्षांचा आणि मुलगी साडेतीन वर्षांची होती. पाच-सहा आठवड्यांतच, १५ ऑक्टोबर १८०५ रोजी, कर्कपॅट्रिक कलकत्त्यास मरण पावला. मुले समुद्रावर असतानाच पोरकी झाली आणि त्यांना त्याची वार्ताही नव्हती. विलायतेस आजोबांच्या घरी पोहोचल्यावर, मार्च १८०६ मध्ये, लंडनच्या मेरिलबोन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलमचा विल्यम जॉर्ज झाला, साहिब बेगमची कॅथरिन अरोरा झाली. बाप्तिस्म्यात नवे नाव मिळणे हा आनंदाचा क्षण खरा. येथे मात्र नव्या नावाबरोबर जुने घर मिटविण्यात आले. आईकडच्या माणसांशी मुलांचा संबंध उरला नाही.

खैरुन्निसाला मुले पुन्हा दिसली नाहीत. २२ सप्टेंबर १८१३ रोजी ती वारली, तेव्हा तिचे वय अवघे सत्तावीस होते. तिकडे विल्यम लहानपणीच उकळत्या पाण्याच्या हंड्यात पडून जन्माचा पंगू झाला व १८२८ साली गेला. कॅथरिन मात्र रूपवती निघाली. बुलर कुटुंबात शिक्षक असलेल्या थॉमस कार्लाइलची तिच्याशी ओळख झाली; त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’मधील ब्लूमीन ती हीच, असे पुष्कळांचे मत आहे. १८२९ साली तिने कॅप्टन फिलिप्स याच्याशी लग्न केले. मुलेबाळे झाली. संसार सुखाचा होता. तरी चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला कळले, की हैदराबादेस आपल्या आईची आई, शरफुन्निसा, अजून जिवंत आहे.

१८४१ साली पत्रव्यवहार सुरू झाला. छत्तीस वर्षांचे अंतर होते आणि दोघींना एक भाषा नव्हती. आजी फारसीत मजकूर सांगे, नात इंग्रजीत लिही आणि मध्ये दुभाषी असे. नातीने आईच्या केसांची आठवण मागितली आणि आजीने जपून ठेवलेली बट पाठविली. चिनरीचे चित्र एव्हाना कर्कपॅट्रिकचा जुना मदतनीस हेन्री रसेल याच्या विलायतेतील घरी होते. कॅथरिनने ते तेथे पाहिले तेव्हा तिला रडू आवरले नाही.  पुढे ते चित्र तिच्याकडे आले.

सहा वर्षे पत्रे चालली. १८४७ साली आजी वारली. हैदराबाद पुन्हा न पाहता कॅथरिन १८८९ पर्यंत टॉर्की गावी राहिली.