कोणाला आणि केव्हा?

थकलेल्या हृदयाला यंत्राची जोड द्यायची ती कोणाच्या आणि केव्हा, हा प्रश्न वैद्यकापुढे जवळजवळ साठ वर्षे उभा आहे. त्याचे उत्तर कसकसे बदलत गेले तेच आज पाहू.

१९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी यांनी एका स्त्रीच्या हृदयाच्या झडपांवर शस्त्रक्रिया केली. हृदय स्वतःच्या बळावर चालेना, म्हणून डाव्या कप्प्याच्या मदतीला पंप जोडला. दहा दिवसांनी तो काढला आणि ती बरी झाली. तेथे निवडीला अवसरच नव्हता. १९८२ साली यूटा विद्यापीठात डॉ. विल्यम डीव्हरीस यांनी बार्नी क्लार्क या ६१ वर्षांच्या दंतवैद्याला संपूर्ण कृत्रिम हृदय बसविले. मृत्यू उंबरठ्यावर आलेला आणि हृदयरोपण अशक्य, म्हणून तर त्याची निवड झाली. तो ११२ दिवस जगला. पण ते दिवस दुखण्याचेच होते.

ज्याला दुसरा उपाय नाही त्यालाच यंत्र, हा नियम नीतीला धरून होता. पण त्यामुळे पंपाच्या वाट्याला येत ती पार मोडकळीस आलेली शरीरे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत हृदयरोपणास अपात्र असे १२९ रोगी होते. वर्षअखेर पंपवाल्यांपैकी शेकडा ५२ जिवंत राहिले, केवळ औषधांवरच्यांपैकी २५. दोन वर्षांनी मात्र हेच आकडे २३ आणि ८ वर आले. पंपाने आयुष्य वाढविले खरे, पण फार थोडे.

पुढे २००६ पासून अमेरिकेत अशा रोग्यांची नोंदवही ठेवली जाऊ लागली आणि त्यांच्या सात पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीवर तासातासाने खचत जाणारा, तर सातव्यावर थोड्या श्रमाने दमणारा. अनुभव असा आला की, पहिल्या पायरीवरच्याला शस्त्रक्रियेचा धक्काच सोसत नाही. सातव्यावरच्याला रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पक्षाघात यांचा धोका पत्करण्याचे कारण नसते. शिवाय हृदयाचा उजवा कप्पा शाबूत हवा. तो जेवढे रक्त पुढे धाडील तेवढेच डावीकडचा पंप ढकलू शकतो.

आणखी एक गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे घर. पोटाच्या कातडीतून बाहेर येणारी तार रोज स्वच्छ ठेवायची, बॅटऱ्या बदलायच्या, रक्त पातळ करणारे औषध चुकवायचे नाही. हे करणारे जवळचे माणूस नसेल, तर हृदय पात्र असूनही रोगी अपात्र ठरू शकतो. येथे वैद्यकाचा प्रश्न समाजाचा होतो.

पूर्वी विचारीत, “दुसरा काही उपाय उरला आहे काय?” आज विचारतात, “अजून वेळ आहे काय?” हे दुसरे विचारणे ज्याच्या बाबतीत वेळेवर होते, तो भाग्यवान.