आंबोलीचा भेक आणि जीवांची वंशावळ

१९६३ साली सोमण यांनी सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातील एका नव्या भेकाचे वर्णन केले व त्यास ‘ब्यूफो’ या प्रजातीत स्थान दिले. तत्कालीन पद्धतीस ते धरूनच होते. कारण लिनियसपासून रूढ झालेले वर्गीकरण मुख्यतः शरीररचनेच्या साम्यावर आधारलेले होते. वर्गीकरणाचा खरा आधार समान वंश होय, असे डार्विनने १८५९ मध्ये प्रतिपादिले. तथापि वंशसंबंध ओळखण्याची काटेकोर रीत जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये मांडली. सर्वच भेकांत आढळणारे पुरातन लक्षण त्यांच्यातील जवळीक ठरवू शकत नाही. काही जातींतच नव्याने उद्भवलेले समान लक्षण मात्र त्यांच्या निकटच्या पूर्वजाचा पुरावा ठरते, हे त्यांचे सूत्र होते.

२००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीच्या भेकाची नवी जाती म्हणून नोंद केली. शरीररचनेच्या जोडीला डीएनए-क्रमांची तुलना केली असता आंबोलीचा व कोयनेचा भेक परस्परांचे निकटतम आप्त आणि इतर भेकांहून वेगळ्या शाखेचे ठरले. त्यांच्यासाठी ‘झँथोफ्राइन’, म्हणजे ‘पिवळा भेक’, ही नवी प्रजाती स्थापन झाली.

या प्रजातीच्या दोनच जाती ज्ञात आहेत. म्हणूनच सिंधुदुर्गनगरी येथे जिल्ह्याच्या भूवापराचा विचार होताना आंबोलीचा सडा ही केवळ पडीक जमीन मानता येणार नाही. तेथील भेक नष्ट झाल्यास एका स्वतंत्र वंशशाखेचा अर्धा भाग कायमचा लोपेल.