जत्रेच्या गाडीवरील जनित्र : बिघाड आणि दुरुस्ती

चाकांवरचे घर आणि त्यात स्वतःची वीज ही कल्पना महाराष्ट्राला परदेशी कॅराव्हॅनमुळे कळली, असे मानण्याचे कारण नाही. राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण 2021 मध्ये जाहीर केले. त्याच्या कितीतरी आधीपासून तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीज आपले बिऱ्हाड, तंबू आणि जनित्र मालमोटारीवर लादून गावोगाव फिरत आले आहेत. बीड जिल्ह्यात परळी वैजनाथची महाशिवरात्र, कपिलधारची कार्तिकी यात्रा, अंबाजोगाईचा योगेश्वरीचा मार्गशीर्ष महोत्सव आणि चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रा यांमुळे अशा गाड्यांना हा मुलूख चांगला परिचयाचा. टुरिंग टॉकीज आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यांच्या अखेरच्या पर्वावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 च्या कान महोत्सवात दाखवला गेला. फडांच्या गाड्या मात्र आजही दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततात. खेळ ऐन रंगात असताना जनित्र बंद पडले, तर त्या रात्रीची कमाईच बुडते. त्यामुळे या यंत्राची दुरुस्ती हा फडाच्या पोटापाण्याचाच प्रश्न असतो.

जनित्राचे दोन भाग. डिझेल इंजिन फिरवते आणि अल्टरनेटर वीज निर्माण करतो. चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला 50 हर्ट्झ वारंवारितेसाठी मिनिटाला 1500 फेरे लागतात. फेरे उतरले की वारंवारिता उतरते. पूर्वी प्रक्षेपक चालवणाऱ्यांना ही गोष्ट मीटरवाचूनही कळत असे. वारंवारिता 47 वर आली, की एसी मोटरवर चालणारा प्रक्षेपक सेकंदाला 24 ऐवजी साधारण साडेबावीस चित्रे सरकवी आणि पडद्यावरच्या गायिकेचा सूर उतरे. अशा वेळी दोष बहुधा गव्हर्नरमध्ये नसून तुंबलेल्या डिझेल फिल्टरमध्ये किंवा जादा भारात असतो. गव्हर्नरचा स्क्रू फिरवून फेरे वाढवणे हा सोपा पण चुकीचा उपाय, कारण भार कमी होताच फेरे मर्यादेबाहेर जातात.

इंजिन सुरूच होत नसेल, तर पहिली शंका इंधनाची. खडबडीत रस्त्यावर टाकीच्या तळाचा गाळ वर येतो, सैल झालेल्या जोडातून नळीत हवा शिरते आणि इंजिन ‘हवा धरते’. फिल्टरवरचा स्क्रू किंचित सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळावा. तरीही इंजिन दाद देत नसेल, तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या जोडांतूनही हवा काढावी लागते. मात्र तेव्हा नोझल सुट्या अवस्थेत बाहेर काढून तिच्यासमोर हात धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते.

इंजिन व्यवस्थित फिरते, पण वीज नाही, हा प्रकार अधिक चक्रावणारा. अल्टरनेटरच्या लोखंडात शिल्लक असलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर वीजनिर्मितीची सुरुवात होते. यंत्र दीर्घकाळ बंद राहिले की ते चुंबकत्व नाहीसे होऊ शकते. ब्रश असलेल्या अल्टरनेटरमध्ये नियंत्रक, म्हणजे एव्हीआर, सोडवून फील्डच्या वेटोळ्याला योग्य ध्रुव जुळवून 12 व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला की ते परत येते. पण त्याआधी कार्बन ब्रश झिजले आहेत काय, हे पाहावे. पाच मिनिटांच्या या तपासणीअभावी चांगली वेटोळी रिवाइंडिंगच्या दुकानात पोहोचतात.

सर्वांत महागडा बिघाड मात्र दिसायला क्षुल्लक असतो. तीन फेजच्या जनित्रात न्यूट्रलचा जोड गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो. न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या फेजवरील दाब 230 व्होल्टवरून 400 च्या दिशेने चढतो आणि ध्वनिवर्धक, दिवे, मोबाइलचे चार्जर एका झटक्यात जळतात. प्रत्येक मुक्कामी यंत्र बंद असताना न्यूट्रलचा नटबोल्ट आवळून पाहणे आणि तिन्ही फेजवर भार सारखा वाटणे, एवढ्यावर हे टळते. याच हादऱ्यांमुळे बैठकीखालचे रबर पॅड फाटतात. ते वेळेवर बदलले नाहीत, तर धुराच्या नळीला चीर जाते.

ही चीर जीवघेणी ठरू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खेळ संपल्यावर कलावंत गाडीत किंवा गाडीखाली झोपतात. पंख्यासाठी जनित्र रात्रभर चालू ठेवले जाते आणि डोके दुखणे, मळमळ ही पहिली लक्षणे जागरणाच्या खाती जमा होतात. डिझेल इंजिनात हा वायू पेट्रोलच्या लहान जनित्रापेक्षा कमी निर्माण होतो, पण बंदिस्त जागेत तोही पुरेसा आहे. धुराची नळी गाडीच्या टपावर नेणे आणि झोपण्याची गाडी जनित्रापासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूला लावणे यास पर्याय नाही.

दुसरा धोका विजेच्या जोडणीचा. रबरी चाकांवरच्या गाडीला जमिनीचा आधार मिळत नाही. त्यामुळे जमिनीत खुंटी ठोकून सांगाड्याला अर्थिंग द्यावे लागते, न्यूट्रल सांगाड्याशी जोडलेला असावा लागतो आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विचही हवा. गावात महावितरणची जोडणी घेतली असेल, तर चेंजओव्हर स्विच अनिवार्य समजावा. अन्यथा भारनियमनात सुरू केलेले जनित्र उलट वाहिनीत वीज सोडते आणि खांबावर चढलेला लाइनमन बळी पडू शकतो.

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मैदानातील धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते आणि इंजिन तापते. जाळी हवेच्या झोताने साफ करावी. ऑइल साधारण 250 तासांनी बदलण्याचा सल्ला बहुतेक उत्पादक देतात, पण धुळीत तो कालावधी कमी धरणे शहाणपणाचे. पावसाळ्यात यंत्र उभे राहते तेव्हा वेटोळ्यांत ओल धरते. दसऱ्याआधी एव्हीआर सोडवून मेगरने तपासणी करावी आणि प्रतिरोध एक मेगाओहमपेक्षा कमी भरल्यास अल्टरनेटरजवळ रात्रभर 200 वॉटचा दिवा पेटता ठेवून तो कोरडा करावा.