नांव बहिणीचें, जिणें बटकीचें

ब्रिटिश हाँगकाँगमध्यें गरीब चिनी घरची मुलगी पैसे मोजून श्रीमंताघरीं कामाला ठेवीत. तिला ‘मुई त्साई’ म्हणत. शब्दाचा अर्थ धाकटी बहीण; जिणें मात्र बिनपगारी बटकीचें. १९१९ सालीं क्लारा हेझलवुड या आरमारी अधिकाऱ्याच्या पत्नीनें तेथील वृत्तपत्रांतून या प्रथेविरुद्ध लिहिलें. पतीला नोकरी सोडावी लागली. तरी उभयतांनीं इंग्लंडांत चळवळ चालविली. १९२२ मध्यें वसाहतमंत्री चर्चिल यांनीं वर्षभरांत प्रथा मोडण्याचें वचन दिलें. १९२३ मध्यें कायदाहि झाला. पण मुलींच्या नोंदणीचा भाग १९२९ पर्यंत अमलांत आलाच नाहीं. जिची नोंदच नाहीं, तिची विचारपूस कोण करणार? वचनापासून नोंदवहीपर्यंत सात वर्षें गेलीं. तेवढ्यांत आठ वर्षांची मुलगी पंधराची होते.