शांततेच्या वर्षांतील लढाई

श्रोतेहो, इतिहासात लढायांची वर्षे ठळक लिहिली जातात आणि शांततेची वर्षे दोन ओळींत उरकतात. एच.आय.व्ही.च्या इतिहासातही आरंभी असेच घडले.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सरकारी आरोग्यपत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विलक्षण न्यूमोनियाची हकिकत छापून आली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांना विषाणू सापडला. रक्तातल्या ज्या सहायक टी पेशी इतरांना लढायला उठवतात, नेमका त्यांच्यातच तो शिरतो. पण लागण झालेला माणूस पुष्कळदा आठ-दहा वर्षे धडधाकट असतो, तो कसा? विषाणू झोपत असेल, असे पुष्कळांना वाटे.

१९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोत जे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत निराळेच दिसले. लागण झालेल्यांच्या रक्तातून सीडी-८ नावाच्या दुसऱ्या टी पेशी काढल्या, की विषाणू वाढे. परत घातल्या, की दबे. १९९४ मध्ये कळले, की पहिल्या काही आठवड्यांत उसळलेला विषाणू ओसरतो, तो या पेशी पुढे सरसावतात त्याच सुमारास. पुढे गणित मांडले, तेव्हा रोज अब्जावधी विषाणू जन्मतात आणि मरतात, असे निघाले. कसली आली झोप! १९९९ साली माकडांवर कसोटी झाली. त्यांच्यातल्या अशाच विषाणूची लागण असताना सीडी-८ पेशी काढल्या, विषाणू उसळला. पेशी परतल्या, तसा तो खाली आला.

मग अखेर हार का? विषाणू रूप पालटत राहतो, काही पेशींत दडून बसतो. इकडे सहायक पेशी घटतात आणि लढणाऱ्या थकतात. औषधाविना त्याला कायम दाबून ठेवणारी माणसे शेकडा एकाहूनही कमी.

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार रूढ झाला. तरी सहायक पेशी ठरावीक संख्येखाली येईपर्यंत थांबण्याची रीत बरीच वर्षे चालली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती मोडली : लागण कळताच औषध सुरू करा. म्हणून सांगतो, मंडळी, प्रकृती ठणठणीत आहे एवढ्यावर विसंबू नका. शंका असेल तर रक्त तपासून घ्या. आत लढाई चालू असेल, तर कुमक वेळेवर पोचलेली बरी.