'फ्रोवर्ड' : एका मावळलेल्या शब्दाचें चरित्र

हट्टी माणसांची जशी जगांत वाण नाहीं, तशी त्यांना द्यावयाच्या विशेषणांचीहि कोणत्याच भाषेंत वाण नसते. आपल्या मराठींतच हट्टी, हेकट, हेकेखोर, आडमुठा, तिरसट, अडेलतट्टू, दुराग्रही, उफराटा अशी मोठी थोरली पंगत बसलेली आहे. परंतु या पंगतींतील सर्वच मंडळी एका गोत्राची नव्हेत. हट्टी माणसाला कांहीं तरी हवें असतें व तें मिळेपर्यंत तो सोडीत नाहीं. उफराट्या माणसाला मात्र स्वतःचें असें कांहींच नको असतें. आपण पूर्व म्हणावें आणि त्यानें पश्चिमेची वाट धरावी, एवढाच त्याचा पुरुषार्थ. या दुसऱ्या जातीच्या माणसासाठीं इंग्रजी भाषेंत एक जुना व फार नेमका शब्द होता. तो शब्द 'फ्रोवर्ड'. आज कोणी इंग्रज गृहस्थ बोलतां बोलतां हा शब्द उच्चारणार नाहीं. जुनें बायबल व जुनीं नाटकें यांच्या पानांतच तो काय तो उरला आहे. तथापि मेलेल्या माणसाच्या चरित्रापासून जसा बोध होतो, तसा मेलेल्या शब्दाच्या चरित्रापासूनहि होतो, म्हणून हा लेख.

शब्दाची घडण अगदीं सोपी आहे. 'फ्रो' म्हणजे 'पासून' अथवा 'दूर', आणि 'वर्ड' म्हणजे 'त्या बाजूस वळलेला'. 'टुवर्ड' हा त्याचा जुळा भाऊ. त्याचा अर्थ 'कडे वळलेला'. आज 'टुवर्ड' हें इंग्रजींत केवळ एक अव्यय होऊन बसलें आहे. परंतु सोळाव्या शतकांत तें विशेषणहि होतें आणि जें मूल शहाणें, शिकविलेलें ऐकणारें व पुढें नांव काढील असें वाटे, त्याला तें लावीत. शिक्षकाकडे तोंड करून बसलेलें मूल तें 'टुवर्ड', पाठ फिरवून बसलेलें तें 'फ्रोवर्ड'. संस्कृतांत 'अभिमुख' व 'पराङ्मुख' अशी जी जोडी आहे, तीच ही. भेद इतकाच कीं, आपण मुखाची दिशा सांगतों आणि इंग्रज सगळ्या माणसाची सांगतो.

या शब्दांतील 'फ्रो' हा भाग मूळचा इंग्रजी नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अँग्लो-सॅक्सन लोकांचा त्या अर्थाचा शब्द 'फ्रॉम'. इ. स. ८६५ मध्यें डेन लोकांची मोठी सेना इंग्लंडांत उतरली आणि पुढील कांहीं वर्षांत त्या देशाचा उत्तर व पूर्व भाग त्यांच्या अमलाखालीं गेला. लुटायला आलेले हे लोक अखेरीस शेतें करून तेथेंच राहिले, शेजाऱ्यांशीं सोयरीक करूं लागले, आणि त्यांच्या भाषेंतील शेंकडों शब्द इंग्रजींत मुरले. अंडें, आकाश, कायदा यांसाठींचे आजचे इंग्रजी शब्द, फार काय, 'ते' व 'त्यांचें' हीं सर्वनामेंसुद्धां, त्या स्वाऱ्यांचीच देणगी होत. डेनांचा 'फ्रा' हा त्याच मार्गानें आला आणि तेराव्या शतकाच्या आरंभापासून त्याचा 'वर्ड'शीं झालेला संयोग ग्रंथांत दिसूं लागतो. आज हा 'फ्रो' एकटा कोठेंहि आढळत नाहीं. 'इकडून तिकडे' या अर्थाच्या 'टु अँड फ्रो' या जोडशब्दाच्या आश्रयानें तो कसाबसा दिवस काढीत आहे.

या कुटुंबांतील इतर मंडळींची ओळख थोडक्यांत करून देतों. 'अन्टुवर्ड' म्हणजे जो 'टुवर्ड' नाहीं तो. पूर्वीं हा शब्द माणसांना लावीत. आतां अनिष्ट प्रसंगांना लावतात. 'वेवर्ड' हा मूळचा 'अवेवर्ड', म्हणजे 'दूर वळलेला'. त्याचा आद्य स्वर झिजून गेला. अर्थानें तो 'फ्रोवर्ड'चा सख्खा भाऊ, परंतु दैवगति पहा कीं, तो अजून जिवंत आहे आणि त्याला थोडी लाडिकपणाची छटाहि आली आहे. 'थ्वार्ट' हाहि डेनांकडूनच आलेला; त्याचा अर्थ 'आडवा'. आपण जसें 'आड येणें' म्हणतों, तसेंच तें. 'पर्व्हर्स' हा लॅटिनांतून आला. 'व्हर्टेरे' म्हणजे वळणें, त्यापासून 'पर्व्हर्टेरे', म्हणजे पार उलटें करणें. एवंच, आडवा, वाकडा, उलटा, पाठमोरा, अशा दिशावाचक कल्पनांनींच इंग्रजांनीं स्वभावाचा हा दोष वर्णिला आहे. आम्हीहि वाकडा, आडमुठा, उफराटा म्हणतों, तें याच रीतीनें.

'फ्रोवर्ड'ला खरी प्रतिष्ठा मिळाली ती बायबलाच्या भाषांतरामुळें. विल्यम टिंडल यानें नव्या कराराचें मूळ ग्रीकवरून केलेलें भाषांतर इ. स. १५२६ मध्यें छापून निघालें. ग्रीक मुळांत 'स्कोलिओस' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ सरळ सरळ 'वांकडा'. हाच शब्द एके ठिकाणीं लोकांच्या एका पिढीला लावलेला आहे, तेथें टिंडलनें 'अन्टुवर्ड' हा पर्याय योजला. दुसऱ्या ठिकाणीं तो धन्याला लावलेला आहे, तेथें 'फ्रोवर्ड' योजला. इ. स. १६११ मध्यें राजा जेम्स याच्या आज्ञेनें जें भाषांतर प्रसिद्ध झालें, त्यांतील पंडितांनीं हे दोन्ही पर्याय कायम ठेविले; आणि जुन्या करारांतील नीतिवचनांच्या पुस्तकांत तर वाकडी जीभ, वाकडें मन व वाकडी वाट यांसाठीं 'फ्रोवर्ड' वारंवार वापरला. तेथील हिब्रू शब्दांचे मूळ अर्थहि 'पिळलेला' व 'उलटलेला' असेच आहेत. हें पुस्तक पुढें तीन शतकें इंग्लंडांतील घरोघरीं वाचलें गेलें. तेव्हां आई मुलाला, मालक नोकराला आणि धर्मोपदेशक साऱ्या गांवाला हाच शब्द ऐकवूं लागला, तर त्यांत नवल काय?

येथें एक विचार सुचतो. 'कडे' व 'पासून' हे शब्द बोलावयाचे म्हणजे कोठें तरी एक मध्यबिंदु गृहीत धरावा लागतो. तो मध्यबिंदु कोण? अर्थात् बोलणारा. मूल 'फ्रोवर्ड' आहे असें बाप म्हणतो, प्रजा 'फ्रोवर्ड' आहे असें राजा म्हणतो. शेक्सपियरच्या ज्या नाटकांत एका कजाग मुलीला तिचा नवरा वठणीवर आणतो, त्याच्या शेवटच्या प्रवेशांत हा शब्द पुनःपुन्हां येतो, आणि तेथें 'टुवर्ड' मुलें व 'फ्रोवर्ड' बायका यांची जोडी कवीनें मुद्दाम समोरासमोर उभी केली आहे. याच नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनीं मराठींत 'त्राटिका' लिहिलें आणि शाहूनगरवासी मंडळींच्या गणपतराव जोशांनीं तें रंगभूमीवर गाजविलें. केळकरांनीं नायिकेला रामायणांतील राक्षसिणीचें नांव दिलें, यावरून मध्यबिंदु कोठें होता हें मराठी वाचकालाहि कळून येईल. मात्र बायबलांत एक विलक्षण अपवाद आहे. वर ज्या धन्याचा उल्लेख केला, त्या ठिकाणीं उपदेश चाकरांना केलेला आहे कीं, धनी वाकडा असला तरी त्याच्या आज्ञेंत रहा. उपदेश आजच्या मनाला रुचणार नाहीं. परंतु वाकडेपणा वरच्या माणसांतहि असूं शकतो, एवढी कबुली त्यांत आली खरी.

मध्यबिंदूचा हा प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. ज्या टिंडलनें हे पर्याय रूढ केले, त्यालाच अधिकाऱ्यांच्या आज्ञेकडे पाठ फिरविल्याबद्दल परदेशांत लपून रहावें लागलें, आणि इ. स. १५३६ मध्यें ब्रसेल्सजवळ गळा आवळून त्याचा वध करण्यांत आला व प्रेत जाळण्यांत आलें. दुसरें उदाहरण इ. स. १६७० चें. लंडनच्या ग्रेसचर्च रस्त्यांत विल्यम पेन व विल्यम मीड या दोन क्वेकरांनीं लोक जमविले, त्यांच्यासमोर पेननें प्रवचन केलें, म्हणून त्यांच्यावर दंग्याचा खटला झाला. बारा पंचांनीं आरोपींना दोषी ठरवावें अशी न्यायाधीशांची इच्छा होती. पंच ऐकेनात, तेव्हां त्यांना अन्न, पाणी व विस्तव यांवांचून दोन रात्री कोंडून ठेवण्यांत आलें. तरीहि त्यांनीं आरोपींना निर्दोष ठरविलें! न्यायाधीशांनीं प्रत्येकाला चाळीस मार्क दंड केला. एडवर्ड बुशेल व त्याचे कांहीं सोबती दंड न भरतां तुरुंगांत राहिले, वरच्या न्यायालयापर्यंत गेले, आणि तेथें मुख्य न्यायाधीश व्हॉन यानें असा निर्णय दिला कीं, निकालाबद्दल पंचांना शिक्षा करतां येणार नाहीं. ज्या हट्टाला त्या दिवशीं केवळ उर्मटपणा समजण्यांत आलें, त्याच हट्टाची स्मृति म्हणून त्या न्यायमंदिरांत आज शिलालेख लावलेला आहे.

पण यावरून प्रत्येक उफराट्याला बुशेल समजण्याची घाई करूं नये. जैमिनीच्या अश्वमेधांत उद्दालक ऋषीची कथा आहे. त्याची पत्नी चंडी नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याच्या नेमकें उलट वागे. एका ऋषीच्या सल्ल्यानें उद्दालकानें युक्ति काढली. पाहुणे यावयाचे असले म्हणजे तो म्हणे, 'त्यांना मुळींच जेवूं घालूं नकोस', कीं लगेच पंचपक्वान्नें तयार! अशा रीतीनें वडिलांचें श्राद्धसुद्धां उत्तम पार पडलें. परंतु शेवटीं आनंदाच्या भरांत तो युक्ति विसरला आणि पिंड गंगेंत सोडावयास सांगून बसला. चंडीनें ते उकिरड्यांत टाकले. ऋषीनें तिला शिळा होण्याचा शाप दिला आणि पुढें पांडवांच्या यज्ञाचा घोडा त्या शिळेला चिकटला असतां अर्जुनाच्या स्पर्शानें ती मुक्त झाली. पंधराव्या शतकांत पोज्जो नांवाच्या इटालियन पंडितानें संग्रहित केलेल्या विनोदी गोष्टींत हिची एक युरोपीय बहीण भेटते. नदींत बुडालेल्या बायकोचें प्रेत नवरा प्रवाहाच्या उलट दिशेनें शोधीत जातो, कारण जन्मांत ती कधीं सरळ वाटेनें गेलेली नसते. दोन्ही गोष्टी नवऱ्यांनीं रचलेल्या आहेत, हें वाचकांनीं विसरूं नये. बायकांनीं सांगितल्या असत्या तर शिळा कोणाची झाली असती, कोण जाणे!

तथापि चंडीच्या कथेंत एक मार्मिक सत्य आहे. ती स्वतंत्र दिसते, पण आहे पूर्ण परतंत्र. आज्ञेच्या उलट वागणाराला आज्ञेवांचून एक पाऊलहि टाकतां येत नाहीं. आज्ञाधारक चाकराइतकाच तो धन्याच्या शब्दाला बांधलेला असतो, आणि हें ज्याला कळलें तो त्याला हवा तसा नाचवितो. बुशेलचा नकार त्याच्या विवेकावर उभा होता, म्हणून न्यायाधीशांनीं कांहींहि म्हटलें असतें तरी तो बदलला नसता. चंडीचा नकार नवऱ्याच्या होकारावर उभा होता. होकार फिरला कीं नकारहि फिरे. बाहेरून दोघेंहि पाठमोरींच दिसतात. ओळखावयाचें कसें? समोरच्यानें आपलें म्हणणें उलटें करून पहावें. खरा निश्चयी जेथल्या तेथें राहील, केवळ उफराटा गर्रकन् फिरेल.

आतां शेवटची एक गोष्ट. 'फ्रोवर्ड'मधील 'वर्ड', लॅटिन 'व्हर्टेरे' आणि संस्कृतांतील 'वृत्' हीं तिन्ही एकाच प्राचीन धातूचीं लेंकरें आहेत. म्हणजे इंग्रजाचा हा वाकडा माणूस आमच्या वर्तन, वृत्ति, प्रवृत्ति व निवृत्ति या शब्दांचा दूरचा नातलग लागतो. 'फ्रोवर्ड'चें शब्दशः भाषांतर करूं गेल्यास 'निवृत्त' हाच शब्द हातीं येतो. आणि तेथें पाठ फिरविणें हा दोष नसून पदवी आहे. ज्ञानदेवांचे वडील बंधू व गुरु यांचें नांवच निवृत्तिनाथ. तीच गोष्ट आग्रहाची. 'दुर्' लागला कीं तो दुर्गुण होतो, परंतु इ. स. १९०८ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत गांधीजींनीं त्याला 'सत्य' जोडलें आणि त्या एका समासापुढें पुढें साम्राज्याला नमावें लागलें. वळणें हा धातु निरपराधी आहे. कोणापासून वळलें आणि कशाकडे वळलें, एवढ्यावरच त्याचें पापपुण्य अवलंबून असतें.

इ. स. १९४६ मध्यें अमेरिकेंत नव्या कराराचें सुधारलेलें भाषांतर प्रसिद्ध झालें, त्यांत वाकड्या धन्याच्या वचनांतून 'फ्रोवर्ड' गळाला आणि 'जुलमी' अशा अर्थाचा शब्द आला. अर्थ सुबोध झाला यांत शंका नाहीं. परंतु 'कोठून दूर?' हा जो प्रश्न जुना शब्द ऐकणाराच्या मनांत उभा करी, तो नाहींसा झाला. आपण मराठींत कोणाला आडमुठा किंवा उफराटा म्हणूं, तेव्हां तो प्रश्न क्षणभर स्वतःला विचारावा. त्या माणसाची पाठ आपल्याकडे आहे, एवढें तर दिसतेंच. त्याचें तोंड कोणीकडे आहे, हें पाहण्यासाठीं मात्र आपल्याला उठून पलीकडे जावें लागेल.